देवाला तहान लागली होती

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपासनेआधी तासभर मुलांचा वर्ग भरतो. गेली अकरा वर्षं तो मी घेते. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता तेव्हाची गोष्ट. तिसरीतल्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "बाई, येशू लहानपणी पाढे चुकायचा का?" पोरं हसली. सातवीतली एक मुलगी ठसक्यात म्हणाली, "येशू देव आहे. त्याला सगळंच येतं." मुलगा गप्प बसला. त्याला तेराचा पाढा जड जातो हे मला ठाऊक होतं. घरी त्यावरून मार बसतो हेही. मी म्हटलं, "चुकला असणार. मग मरीयेनं पुन्हा म्हणायला लावलं असणार." त्याचा चेहरा असा काही उजळला की अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढच्या रविवारी एका मुलीच्या वडिलांनी मला दारातच गाठलं. "बाई, लेकरांच्या डोक्यात असलं काही भरवू नका. देव चुकतो असं शिकवायचं का आता?" गृहस्थ भले आहेत. उपासना चुकवत नाहीत, मंडळीच्या प्रत्येक कामाला पुढे असतात. उभ्या उभ्या त्यांना उत्तर देणं मला जमलं नाही. ते इथे देते, कारण मुद्दा पाढ्यांचा नाहीच. देव माणूस झाला असं आम्ही ख्रिस्ती लोक दर नाताळात म्हणतो. ते आम्हाला मनापासून मान्य आहे की नाही, हा मुद्दा आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, येशू ज्ञानानं आणि शरीरानं वाढत गेला असं लिहिलंय. वाढत गेला म्हणजे कालच्यापेक्षा आज त्याला जास्त कळू लागलं. मार्कच्या तेराव्या अध्यायात तर तो स्वतःच सांगतो की शेवटचा दिवस कधी येणार हे पुत्राला, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही. ज्याला जन्मतःच सगळं येत होतं त्यानं शिकण्याचं नुसतं सोंग केलं असं म्हणायचं असेल, तर मग तो भुकेला झाला तेही सोंग, रडला तेही सोंग, आणि क्रुसावर ओरडला तेही सोंगच. हा धागा एकदा ओढायला घेतला की सगळं वस्त्र उसवतं.

मंडळीबाहेरच्या माणसाला "येशू माणूस होता" हे सहज पटतं. "देव होता" इथे तो अडतो. आमचं उलटं आहे. देवपण आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं, आणि माणूसपणाशी अडखळायला होतं. आमच्या घराघरांत येशूची तसबीर असते. गोरा चेहरा, विंचरलेले केस, परीटघडीचा पांढरा झगा. रंधा मारून मारून घट्टे पडलेले हात मी तरी कुठल्या तसबिरीत पाहिले नाहीत.

हा आजार जुना आहे. ख्रिस्त माणसासारखा केवळ दिसला, देह त्याचा खरा नव्हता, असं म्हणणारे लोक मंडळीच्या अगदी पहिल्या पिढ्यांतच निघाले होते. योहानाच्या पहिल्या पत्रात त्यांचा समाचार फार कडक शब्दांत घेतलाय: येशू ख्रिस्त देहानं आला हे जो कबूल करत नाही तो देवापासून नाही. पुढे आलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू, एरियस, दुसऱ्या टोकाला गेला. पुत्र हा देवानं निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ पण निर्मितच, असं त्याचं म्हणणं. इ. स. ३२५ मध्ये निकीया इथे भरलेल्या परिषदेनं ते नाकारलं. त्या परिषदेला २०२५ साली सतराशे वर्षं झाली. त्यानंतर ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत ठरलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. इतकी वर्षं ही माणसं एका शब्दावरून का भांडली, असं वाचताना वाटतं. मला विचाराल तर ती जिवाच्या करारानं भांडली ते बरं केलं. देव देवच राहिला आणि माणसाच्या दुःखाला त्यानं दुरून हात लावला, की तो स्वतः त्या दुःखात उतरला, यावर माणसानं आपल्या दुःखाकडे आणि शेजाऱ्याच्या दुःखाकडे कसं पाहायचं ते ठरतं.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्रानं झाला असं आपण मानतो, त्यात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आहेत. त्यांना परमेश्वराचा अवतार मानणाऱ्या शिष्यांनी स्वामी काय जेवले, कुठे बसले, केव्हा त्यांची प्रकृती बिघडली हे बारीकसारीक तपशील जिवापाड जपले. आणि पंढरीचा विठ्ठल! तो जनाबाईबरोबर दळतो, पैठणला श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी पाणी भरतो, चोखोबाबरोबर ढोरं ओढतो. देवाला कष्टाची लाज नाही हे आम्हाला मिशनऱ्यांनी शिकवायची गरज नव्हती. ते या मातीत आधीच होतं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं ते म्हणूनच. परकी वस्तू मराठी कापडात गुंडाळावी तसं ते नव्हतं.

पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हटलं तर दोन्हींवर अन्याय होईल. विठ्ठल दळण दळून पुन्हा विटेवर जाऊन उभा राहतो. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं असं की देव एकदाच आला, पाहुणा म्हणून आला नाही, आणि आल्यावर त्यानं देह टाकला नाही. तो नऊ महिने पोटात होता. तो मेला. पुनरुत्थानानंतर शिष्यांना दिसला तो हातापायांचे व्रण घेऊन. स्वर्गात गेला तोही माणूस म्हणूनच. ख्रिस्ताचं माणूसपण हा तेहतीस वर्षांचा मुक्काम नव्हता, ते कायमचं आहे, असं मंडळी शिकवत आली आहे. "अवतार" म्हणायचं की "देहधारण", या शब्दावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. मला "देहधारण" जवळचा वाटतो, कारण त्यात देह आहे आणि तो धरून ठेवणंही आहे.

आता विहिरीजवळ येऊ. योहानाचा चौथा अध्याय. भर दुपार, येशू चालून दमला आहे, शोमरोनातल्या एका विहिरीपाशी टेकला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. बाई चकित होते: तू यहुदी, मी शोमरोनी, आणि माझ्याकडे पाणी मागतोस? यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यालाही शिवत नसत. जगातल्या कुठल्याही वाचकापेक्षा ही गोष्ट मराठी वाचकाला लवकर समजते. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळत होतं. इथे माझा मुद्दा एवढाच आहे: त्याची तहान खोटी असेल तर त्याचं मागणंही खोटं. ज्याला पाण्याची गरजच नाही तो त्या बाईपुढे हात पसरतो तेव्हा फक्त मोठेपणा दाखवतो. त्याचा घसा खरंच कोरडा होता म्हणून बाई त्या क्षणी देणारी झाली आणि देव घेणारा. याच शुभवर्तमानात आधी "शब्द देही झाला" असं म्हटलंय, आणि याच शुभवर्तमानात क्रुसावरून तो पुन्हा म्हणतो, मला तहान लागली आहे.

पंडिता रमाबाईंना याच बाईच्या गोष्टीनं गाठलं. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. या बायकांना या भगिनी जवळ का करतात, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि तरीही ख्रिस्त म्हणजे साक्षात देव हे त्यांना लगेच पटलं नाही. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून या विषयावर चाललेला वाद म्हणजे कुणाच्याही दडपणाखाली न येणाऱ्या बुद्धीचा नमुना आहे. जे माझ्या मनाला पटलं नाही ते मी कबूल केलं असं म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा. पुढे त्या आपल्या अनुभवातून ख्रिस्ताच्या जवळ गेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी केडगावला मुक्तीचं घर उभारलं, आणि हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम १९२२ साली देह ठेवेपर्यंत केलं. रमाबाईंच्या बाबतीत क्रम पाहा. आधी टाकलेल्या बाईजवळ बसलेला माणूस दिसला. तो देव आहे हे नंतर. आम्ही जन्माचे ख्रिस्ती क्रम उलटा लावतो आणि बहुधा पहिल्या टप्प्यावरच थांबतो.

मराठी बायबल वाचताना दोन शब्द मला नेहमी अडवतात. एक, सुतार. येशू आपल्या गावी सभास्थानात शिकवू लागला तेव्हा गावकरी म्हणाले, हा सुतार ना? मरीयेचा मुलगा ना? येशूच्या गालील प्रांतात आपल्यासारखी जातव्यवस्था नव्हती हे मला माहीत आहे. पण मराठी कानाला सुतार म्हणजे नुसता धंदा नव्हे. सुतार म्हणजे बारा बलुतेदारांतला एक. खळ्यावर सुगीला आपलं बलुतं मागायला उभा राहणारा. "हा सुतार ना?" या तीन शब्दांतला तिरस्कार समजायला आम्हाला कुठल्याही टीकाग्रंथाची गरज नाही. तुझी पायरी आम्हाला ठाऊक आहे, असं गाव त्याला सांगत होतं. त्याच्या माणसांची बोलीही हसण्याचा विषय होती. महायाजक कैफाच्या वाड्यात त्याचा शिष्य पेत्र ओळखला गेला तो गालीली उच्चारावरून. आमच्या नगरी बोलीला पुण्याच्या वर्गात हसलेलं मी ऐकलं आहे, म्हणून हा तपशील मला लहान वाटत नाही.

दुसरा शब्द, वेशीबाहेर. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, तेराव्या अध्यायात, येशूनं वेशीबाहेर मरण सोसलं असं आहे. मूळ अर्थ नगराच्या दरवाजाबाहेर. पण भाषांतर करणाऱ्याच्या लेखणीतून "वेस" हा शब्द उतरला आणि मराठीत त्या वाक्याचं वजन शतपट झालं. वेशीबाहेर कोण राहत होतं? माझे पणजोबा राहत होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात महारवाडा वेशीबाहेर होता आणि मांगवाडा त्याच्याही पलीकडे. देव माणूस झाला म्हणजे गुळगुळीत, बिनचेहऱ्याचा, कुठलाच नसलेला माणूस झाला नाही. तो कुणीतरी झाला: एका गावचा, एका बोलीचा, एका धंद्याचा, आणि शेवटी वेशीबाहेरचा. माझ्या पणजोबांना व्याकरण येत नव्हतं, पण हे त्यांना कळलं असणार, नाहीतर त्यांनी बाप्तिस्मा का घ्यावा? भाकरीसाठी घेतला असं लोक म्हणतात. दुष्काळ होता, भाकरीही हवी होती, त्यात शरम कसली? ज्या देवाला भूक लागते त्याच्याकडे माणसं भाकर मागणारच.

आणि आता आमचं सध्याचं चित्र. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्म बदलल्यानं गावाची नजर बदलत नाही, हा आमचा युक्तिवाद खरा आहे आणि मी त्याच्या बाजूनं उभी आहे. पण तोच युक्तिवाद मांडणारी आम्ही माणसं लग्न ठरवताना काय करतो? मुलगा कुठल्या मंडळीचा हे आधी विचारतो, मग त्याचं मूळ गाव, मग आजोबांचं आडनाव, आणि हळूहळू महार ख्रिस्ती की मांग ख्रिस्ती इथवर पोचतो. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरीक वेगळी. ख्रिस्ती झालेल्यांतही जात टिकून आहे असं डॉ. आंबेडकरांनी आम्हाला बजावलं, त्यालाही कैक दशकं उलटली. ती टीका आम्ही ऐकून घेतली आणि जागेवरच राहिलो.

इथे मला दोन्हीकडून आक्षेप येतात. मंडळीतले काही म्हणतात, ख्रिस्त पापक्षमेसाठी आला. तुम्ही त्याला समाजसुधारक करून टाकता. चौथ्या शतकातल्या नाझियान्झच्या ग्रेगरीचं एक म्हणणं त्यावर पुरेसं आहे: जे त्यानं धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. त्यानं फक्त आत्मा धारण केला असता तर आमचा फक्त आत्मा बरा झाला असता. त्यानं देह धारण केला, भुकेचा, घामाचा, विटाळ मानला गेलेला देह, म्हणून देहाशी जे जे आम्ही करतो ते सगळं तारणाच्या हद्दीत येतं. पाप विटाळात नसेल तर कशात आहे?

दुसरा आक्षेप माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बौद्ध मैत्रिणीचा. ती म्हणते, "माणूस माणूस म्हणून पुरेसा आहे. त्याची किंमत वाढवायला देवाला कशाला खाली आणायचं?" २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं ओंजळीनं पाणी प्यायली, त्यासाठी कुणा देवाला माणूस व्हावं लागलं नाही, हे तिचं म्हणणं मी खोडू शकत नाही, खोडायचंही नाही. मला एवढंच सांगता येतं की मी माणसाची किंमत नेहमी विसरते. थकले, चिडले, भीती वाटली की विसरते. तेव्हा समोरच्या देहात देव राहून गेलाय ही गोष्ट मला धरून ठेवते. तिला दुसरं काही धरून ठेवत असेल. आम्ही दोघी एकाच माठातलं पाणी पितो.

लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचं सोवळं कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. मग एक दिवस त्यांनी विचार केला की हे भेद देवानं केलेले नाहीत, माणसांनी केलेत, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर. मला वाटतं, देहधारणाचा सिद्धान्त त्यांना त्या पाण्यात समजला. पाळकाकडून शिकायचं राहिलं असेल ते किरकोळच.

माझी आत्या मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं शिक्षिका होती. बायबलचे अध्यायच्या अध्याय तिला पाठ. माझ्या चुलत बहिणीला मंडळीतल्याच एका मुलाचं स्थळ आलं तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध तिचा. "आपल्यात ते बसत नाही," एवढंच म्हणाली. मुलगा चांगला होता, नोकरीला होता. फक्त त्यांचं मूळ घर आमच्या वाड्याच्या पलीकडचं होतं. स्थळ मोडलं. दोन्ही घरं तरी रविवारी एकाच उपासनेला येत राहिली, चार बाकांच्या अंतरानं.

शेवटच्या तीन महिन्यांत आत्या अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या. मी नोकरीवर, भाऊ बाहेरगावी. त्या मुलाची आई एके सकाळी आपणहून आली आणि मग रोज येत राहिली. कोमट पाण्यात फडकं पिळून ती आत्याची पाठ पुसायची, कूस बदलायची, चादर ओढून नीट करायची. जुन्या गोष्टीचा शब्द तिनं काढला नाही, आत्यानंही नाही. एक दिवस मी शाळेतून लवकर आले तर दार लोटलेलं होतं. आत्यानं डोळे उघडले आणि तिला म्हणाली, "जरा पाणी दे गं." तिनं आत्याचं डोकं आपल्या हातावर घेतलं आणि चमच्यानं दोन घोट पाजले. गळ्यापाशी ओघळलेलं पदरानं टिपलं.

"आणखी देऊ का, बाई?"

"दे."